फॉरएव्हर नाइट: निकला माणूस व्हायचंच नव्हतं

उत्तररात्र:
ही मालिका १९९६ साली संपली, त्यामुळे शेवटासकट सगळं लिहिणार आहे. कोरी पाटी ठेवून बघायची असेल त्यांनी इथूनच मागे फिरावं.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. 'फॉरएव्हर नाइट' ही कॅनडात चित्रित झालेली मालिका, मे १९९२ ते मे १९९६, तीन सीझन, ७० भाग. निक नाइट हा टोरांटो पोलिसांत खुनांचा तपास करणारा डिटेक्टिव्ह. कायम रात्रपाळी. सहकाऱ्यांना सांगितलंय की उन्हाची ॲलर्जी आहे. खरी गोष्ट अशी की १२२८ साली पॅरिसमध्ये लाक्रोआ नावाच्या व्हॅम्पायरने याला आपल्यात ओढलं. आता फ्रीजमध्ये गाईच्या रक्ताच्या बाटल्या, खिडक्यांना रिमोटवर खाली येणारी धातूची शटर्स, आणि १९६२ची कॅडिलॅक. ती का, तर तिची डिकी ऐसपैस. बाहेर असताना उजाडलंच तर आत पडून राहता येतं.

नॅटली लॅम्बर्ट ही पोस्टमॉर्टेम करणारी डॉक्टर. याचं गुपित तिला ठाऊक आहे आणि ती याच्यावर उपाय शोधतेय. जॅनेट ही त्याची शतकांपूर्वीची साथीदार, 'रेव्हन' नावाचा नाइटक्लब चालवते. पार्टनर स्कँकी, सतत खाणारा आणि सतत बोलणारा, त्याला शेवटपर्यंत कशाचा पत्ता नाही.

आता मुद्दा. या मालिकेची ओळख नेहमी 'माणूस होऊ पाहणारा व्हॅम्पायर' अशी करून दिली जाते. सुरुवातीचं निवेदनही तेच सांगतं. मला वाटतं हे साफ खोटं आहे आणि लिहिणाऱ्यांना ते ठाऊक होतं. नॅटली याला प्रोटीनची पेयं देते, औषधं देते, बाटली कमी कर म्हणते. हा दोन घोट घेतो, तोंड वाकडं करतो आणि पुन्हा फ्रीज उघडतो. गुन्हेगार पकडताना मात्र उडणं, अचाट ताकद, दूरचं ऐकू येणं, समोरच्याच्या डोळ्यांत बघून त्याला विसरायला लावणं, सगळं बिनदिक्कत वापरतो. उद्या खरंच माणूस झाला तर एक बऱ्यापैकी पोलीस उरेल, बाकी काही नाही. हे त्याला पक्कं माहीत आहे. 'उद्यापासून सोडतो' म्हणणाऱ्या माणसाची ही गोष्ट आहे, सुटलेल्याची नाही. आणि म्हणूनच ती मला आवडते.

बोला आता.

तिखटमीठ:
हे ते 'बफी' या व्हॅम्पायर मालिकेतून निघालेलं 'एंजल' का? लॉस एंजेलिसवालं?

उत्तररात्र:
नाही हो. 'एंजल' १९९९चं. पश्चात्तापदग्ध व्हॅम्पायर, रात्रीचं शहर, लोकांना वाचवून पापं फेडणं, ही सगळी मांडणी फॉरएव्हर नाइटने त्याच्या सात वर्षं आधी केली होती. अर्थात एंजल लिखाणात कितीतरी सरस आहे, त्यावरून भांडणार नाही.

मिसिसागाकर:
वा, या मालिकेवर मराठीत धागा! नव्वदीत इकडे आलेल्या आमच्यासारख्यांसाठी हिचं आकर्षण वेगळंच होतं. तेव्हा टोरांटोत चित्रीकरण धो धो चालायचं, पण पडद्यावर शहर कधी न्यूयॉर्क, कधी शिकागो. रस्त्यावरच्या टॅक्स्या बदलायच्या, पाट्या बदलायच्या. ही मालिका मात्र टोरांटोला टोरांटोच म्हणाली. सीएन टॉवर लपवला नाही, स्ट्रीटकार लपवली नाही. गंमत म्हणजे हिचा पहिला अवतार १९८९चा एक टीव्ही-चित्रपट, 'निक नाइट' नावाचा, गायक रिक स्प्रिंगफील्ड नायक, आणि तो घडतो लॉस एंजेलिसमध्ये. तो गाडा पुढे गेला नाही. मग तीच कथा टोरांटोत आणून पहिले दोन भाग नव्याने केले.

एक गोष्ट मात्र इथे राहणाऱ्यालाच खटकेल. डिसेंबरात इकडे पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा निकसाहेब सुखात. पण जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो आणि पहाटे साडेपाचच्या सुमारास पुन्हा सूर्य हजर. म्हणजे उन्हाळ्यात याची ड्युटी साडेआठ तासांचीच! ओव्हरटाइम शून्य. कुठल्याच कॅप्टनला याचा संशय येऊ नये?

अवांतर: निकचं काम करणारे गेरायंट विन डेव्हिस हे मूळचे रंगभूमीचे. इथून दोनेक तासांवर स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरचा मोठा नाट्यमहोत्सव चालतो, तिथे ते वर्षानुवर्षं कामं करतायत. २०११ला फॉल्स्टाफ केला होता. पोट सुटलेला, मिश्कील म्हातारा. निक डोक्यात घेऊन गेलात तर ओळखणार नाही.

बोरूबहाद्दर:
उत्तररात्र, लेख छान पण तपासाबद्दल एक अक्षर नाही, आणि ते तुम्ही मुद्दाम टाळलंय असा दाट संशय आहे. खुनी कोण हे जाहिराती लागायच्या आत कळतं हो! पाहुणा कलाकार एकच, तोच खुनी. निक पुरावा शोधत नाही, त्याला आठवण येते. एका बाजूला मृतदेह, दुसऱ्या बाजूला फ्रेंच राज्यक्रांती, आणि दोन्हींचा सांधा असा की तेव्हाही कोणीतरी विश्वासघात केला होता. याला डिटेक्टिव्ह मालिका म्हणायचं?

अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीने ती मंगळवारी रात्री साडेअकराला लावली होती. 'क्राइमटाइम आफ्टर प्राइमटाइम' असं त्या पट्ट्याचं नाव, रोज रात्री वेगळी गुन्हेमालिका. स्वस्तात आणि पटापट बनणारा माल हवा होता, तो मिळाला. १९९३ला लेटरमन त्याचा रात्रीचा गप्पांचा कार्यक्रम घेऊन सीबीएसवर आला आणि पट्टाच गुंडाळला.

आपल्याकडे 'आहट' आणि 'सीआयडी' दोन्ही बी. पी. सिंगांच्याच. त्यांनी दोन्ही एकत्र करून एसीपी प्रद्युम्नच्या टीममध्ये एक व्हॅम्पायर घेतला असता तर यापेक्षा वाईट झालं नसतं. (हलकेच घ्या.)

कंदीलवाला:
बोरूबहाद्दर, सीआयडीमध्ये फॉरेन्सिकचे डॉक्टर साळुंखे असताना व्हॅम्पायरची पोल पहिल्याच भागात खुलली असती.

सौ_शंका:
मला ही मालिका बघताना सारखा अश्वत्थामा आठवत होता. मरण नाही, कपाळावरची जखम भरत नाही, युगानुयुगं भटकणं. नर्मदा परिक्रमा करून आलेल्यांकडून आपण ऐकतोच की तेल मागायला कोणी उंच माणूस आला होता. निकची पापंही तशीच, झोपेत असलेल्यांना मारल्यासारखी. त्यामुळे मला तो ढोंगी वाटत नाही, शापित वाटतो.

उत्तररात्र:
सौ_शंका, उपमा सुंदर आहे, पण तीच माझ्या बाजूने वळते बघा. अश्वत्थाम्याचं अमरत्व ही शिक्षा आहे, कृष्णाने दिलेली. त्याने ते मागितलं नव्हतं. निकने मागून घेतलंय. धर्मयुद्धाहून परत आलेला, सगळ्यावरचा विश्वास उडालेला सरदार. जॅनेट समोर, लाक्रोआ समोर, आणि हा स्वतः हो म्हणतो. मालिका हा प्रसंग पुन्हापुन्हा दाखवते आणि एकदाही 'बिचाऱ्याला फसवलं' असं म्हणत नाही. जखम आहे हे खरं, पण खपली तोच काढतो.

बोरूबहाद्दर:
शिवाय अश्वत्थामा रात्रपाळीचा पगार घेत नव्हता.

नॅटलीपक्ष:
निक, लाक्रोआ, पुन्हा निक. अख्ख्या धाग्यात नॅटलीला दोन ओळी! या मालिकेतली एकमेव खरीखुरी मोठी माणूस ती आहे. बॉम्बस्फोटातलं 'प्रेत' तिच्या टेबलावर येतं आणि उठून बसतं. दुसरी कोणी किंचाळत पळाली असती. ही पळत नाही, तिला कुतूहल वाटतं. पुढे सगळा वेळ ती त्याच्याकडे रुग्ण म्हणून, मित्र म्हणून आणि नंतर प्रेमाने बघते. याने काय दिलं तिला? लाक्रोआ मध्ये येईल म्हणून तिला लांब ठेवलं. व्हॅलेंटाइनच्या भागात तर स्वतःचं तिच्यावरचं प्रेमच नाकारलं, कारण लाक्रोआ जुना हिशेब मागत होता. निकच्या बहिणीवर, फ्लरवर, लाक्रोआचं मन बसलं होतं आणि निकने ते होऊ दिलं नव्हतं. भांडण दोन पुरुषांचं, किंमत तिने मोजायची.

आणि शेवटच्या भागात तीच मरते. यावर मी अजून चिडलेली आहे.

तिच्या भावाचा भाग कोणी आठवतंय का? भाऊ सरकारी वकील, त्याला गोळी लागते. ती निकच्या विनवण्या करते की त्याला वाचव, तुमच्यातला कर. निक करतो. भाऊ हाताबाहेर जातो, गुन्हेगारांना स्वतःच शिक्षा द्यायला लागतो, आणि निकलाच त्याला संपवावं लागतं. त्यानंतरही ती याच्याशी बोलते. कॅथरीन डिशरने तो भाग ज्या संयमाने केलाय त्याला तोड नाही. (एक्स-मेनच्या जुन्या कार्टूनमधल्या जीन ग्रेचा आवाज तिचाच.)

उत्तररात्र:
नॅटलीपक्ष, पूर्ण सहमत. तो भाग माझ्या यादीत पहिल्या तिघांत आहे. तुमच्या टोपणनावावरून कळलंच होतं की तुम्ही कुठल्या गोटातल्या.

कंदीलवाला:
गोट कसले?

नॅटलीपक्ष:
नवे आहात वाटतं. या मालिकेचे चाहते इंटरनेटवर जमलेल्या अगदी सुरुवातीच्या टोळ्यांपैकी. फेसबुक सोडाच, ब्राउझरसुद्धा घरोघरी नव्हता, तेव्हा ई-मेलच्या यादीवर हे लोक भांडायचे. गट पडले होते. लाक्रोआचे भक्त 'कझिन्स', जॅनेटचे 'रेव्हनेट्स', निकचे 'नायटीज', नॅटलीचे 'नॅटपॅक'. हे गट एकमेकांविरुद्ध 'युद्धं' करायचे. म्हणजे अमक्या गटाने तमक्याच्या लाडक्या पात्राला पळवून नेलं वगैरे कथा, आळीपाळीने सगळ्यांनी मिळून लिहिलेल्या, त्यात स्वतः चाहतेच पात्रं. दुसऱ्या सीझननंतर मालिका बंद पडायची वेळ आली तेव्हा याच लोकांनी पत्रांचा मारा केला आणि तिसरा सीझन निघाला.

तो निघाला नसता तर बरं झालं असतं असं आता वाटतं, ते वेगळं.

काळी_तीट:
लाक्रोआ लाक्रोआ लाक्रोआ. बस. पुढे चालू द्या.

काळी_तीट:
बरं, नीट लिहिते, नाहीतर ॲडमिन येतील.

नायजेल बेनेट नसते तर ही मालिका पहिल्याच वर्षी आटोपली असती. पहिल्या दोन भागांतच निक लाक्रोआला मारतो, त्यामुळे पहिला सीझनभर तो फक्त जुन्या आठवणींत दिसतो. तरी सगळ्यात जिवंत तोच! शेवटी त्यांना त्याला परत आणावंच लागलं. आणि आणला कसा, तर रेडिओवर. रात्री शहरभर घुमणारा 'नाइटक्रॉलर'चा आवाज. हा कोणाशी बोलतोय असं सगळ्या श्रोत्यांना वाटतं आणि गाडीत बसलेल्या निकला कळतं की हे फक्त आपल्यासाठी चाललंय. बापाचा आवाज कुठेही गेलं तरी कानात. यासाठी एक पैशाचा स्पेशल इफेक्ट लागला नाही, आणि मालिकेतला सगळ्यात भीतिदायक भाग तोच.

दुसरं म्हणजे तो खलनायक असूनही खोटं बोलत नाही. निक स्वतःला फसवतो, नॅटलीला फसवतो, स्कँकीला तर रोजच फसवतो. लाक्रोआ म्हणतो, तू जो आहेस तो आहेस. सन ७९मधला रोमन सेनापती, पॉम्पेई, व्हेसुव्हियस फुटतोय, आणि याला व्हॅम्पायर करते ती त्याची स्वतःची लहान मुलगी, डिव्हिया. पुढे हाच तिला संपवायला बघतो. ज्या माणसाला त्याच्या पोरीने घडवलं, तो नंतर आठशे वर्षं एका 'मुलाला' धरून ठेवतो. हे लिहिणाऱ्याने कुठेही समजावून सांगितलेलं नाही, नुसतं दोन गोष्टी शेजारी ठेवल्यात. म्हणून तर मी कझिन.

बोरूबहाद्दर:
हे मात्र खरं. तपास भिकार, पण बाप-लेक झकास.

रविवारचा_रस्सा:
मी 'मूनलाइट' पाहिलंय, हे नाही. तेही व्हॅम्पायर डिटेक्टिव्हच. २००७चं, सीबीएसवर, मिक सेंट जॉन हा लॉस एंजेलिसमधला खासगी गुप्तहेर. लग्नाच्या रात्रीच बायकोने त्याला व्हॅम्पायर केलेलं असतं. झोपायला फ्रीझर! छातीत खुंटी मारली तर मरत नाही, नुसता जखडतो. ते जास्त चकचकीत होतं. १६च भाग झाले, मधे लेखकांचा संप आला आणि गाडं बिघडलं. ते वाचवायला चाहत्यांनी रक्तदान शिबिरं भरवली होती, ही कल्पना मला फार आवडलेली. दोन्हींत कुठलं सरस?

उत्तररात्र:
मूनलाइटचा नायक देखणा आणि त्याचे नियम सोयीचे. उन्हातही थोडा वेळ फिरू शकतो. तिथेच गाडी घसरते माझ्या मते. निकला सूर्य म्हणजे पूर्ण मनाई, म्हणून साधा दुपारचा साक्षीदार गाठणंसुद्धा अडचण होते आणि स्कँकीवर विसंबावं लागतं. बंधन जेवढं घट्ट तेवढी गोष्ट चांगली. मूनलाइटमध्ये मला फक्त तो श्रीमंत मित्र जोसेफ आवडला. चारशे वर्षांचा, आणि कसलाही पश्चात्ताप नाही. म्हणजे पुन्हा लाक्रोआच.

मिसिसागाकर:
तिसऱ्या सीझनबद्दल बोलू या का? कारण खरा वाद तिथे आहे.

पैसा अमेरिकेतल्या यूएसए वाहिनीकडून आला आणि सगळं तरुण करायचं ठरलं. स्कँकी आणि कॅप्टन कोहेन विमानातल्या बॉम्बस्फोटात गेले, तेही पडद्याआड. जॅनेट गायब. नवी पार्टनर ट्रेसी, नवा पोरगेला व्हॅम्पायर व्हाशॉन, जीन्स आणि विस्कटलेले केस. स्कँकी गेला तिथे माझ्यासाठी अर्धी मालिका गेली. जॉन कपेलॉसने त्या माणसाला विनोदी पात्र म्हणून सुरुवात करून घरचा माणूस केलं होतं. निकच्या दुःखाला जमिनीवर आणणारा तो एकच होता. डोनट खात 'तुझं काय बिनसलंय आज' विचारणारा. तो गेल्यावर निकला नुसतं उदास बसायला मोकळं रान मिळालं.

नॅटलीपक्ष:
आणि मग ते शेवटचं. ट्रेसीला गोळी लागते. नॅटलीच्या मैत्रिणीने आत्महत्या केलेली असते. नॅटली म्हणते, आता पुरे, एक तर माझ्याबरोबर राहा किंवा मला तुझ्यासारखी कर. निक तिला जवळ घेतो आणि थांबू शकत नाही. ती मरणाच्या दारात. तिला व्हॅम्पायर करायचं नाही, तिच्याशिवाय जगायचं नाही. मग लाक्रोआच्या हातात खुंटी देऊन गुडघे टेकून बसतो. लाक्रोआ हात वर करतो. आणि दृश्य तिथेच कापलेलं. संपलं!

चार वर्षं बघणाऱ्या माणसांना हे? सगळ्यांना एकेक करून मारलं. दुकान बंद करताना माल फोडून टाकल्यासारखं.

सौ_शंका:
मला उलट तो शेवट पटला होता. त्याला पहिल्यांदा खरा निर्णय घ्यावा लागला.

उत्तररात्र:
इथेच मी थोडा लांबण लावतो. शेवटच्या भागाआधी जॅनेटचा परत येण्याचा भाग आहे, तो विसरून शेवट समजत नाही. जॅनेट एका आगीच्या बंबावरच्या माणसाच्या प्रेमात पडते आणि, निक ज्याच्यामागे शतकं धावतोय ते, तिला जमतं. ती माणूस होते. औषध नाही, प्रयोग नाही. मग तिला गोळी लागते. ती मरायला तयार आहे, ती सांगते मला माणूस म्हणून मरू दे. आणि निक काय करतो? तिला पुन्हा व्हॅम्पायर करतो. कारण त्याला तिचं मरण सहन होत नाही.

म्हणजे या मालिकेत माणूस होण्याचा रस्ता होता, तो कोणीतरी चालून दाखवला, आणि आपल्या नायकाने तो स्वतःच्या हाताने मिटवला. हे पाहिल्यावर 'त्याला माणूस व्हायचं होतं' असं कोणी म्हणूच कसं शकतं? त्याला पश्चात्ताप हवा होता. त्यासाठी व्हॅम्पायर राहणं भाग होतं.

शेवटी नॅटलीच्या बाबतीत त्याला जॅनेटसारखंच करता आलं असतं. लाक्रोआ तेच सांगत होता. त्याने ते केलं नाही. शेवट क्रूर आहे, घाईत उरकलेला आहे, ट्रेसीचं मरण तर निव्वळ वाया गेलंय. पण तो जॅनेटच्या भागाला दिलेलं उत्तर आहे, आणि ते मला मान्य आहे.

नॅटलीपक्ष:
उत्तर त्याने दिलं, जीव हिचा गेला. मान्य नाही.

काळी_तीट:
आणि लाक्रोआने खुंटी खाली आणलीच नाही. मी एवढंच सांगते. दाखवलंय का? नाही ना. मग नाही आणली. दोन हजार वर्षं जगलेला माणूस पोराने हट्ट केला म्हणून ऐकणार?

बोरूबहाद्दर:
ऐकणार. पहिल्यांदाच निकने त्याच्याकडे मनापासून काहीतरी मागितलं होतं. एवढं तर मलाही कळलं, आणि मी तपासासाठी बघत होतो.

काळी_तीट:
बोरूबहाद्दर, तुम्ही कझिन्समध्ये या. सदस्यत्व फुकट आहे.

कंदीलवाला:
एवढं वाचल्यावर बघावंसं वाटतंय. डीव्हीडी निघाल्या होत्या म्हणतात. ७० भाग एका दमात नाही जमायचे, कुठून सुरू करू? नवऱ्यालाही बसवायचं आहे आणि त्याला रक्त बघवत नाही.

बोरूबहाद्दर:
रक्ताची काळजी नको, त्या काळच्या टीव्हीवर परवानगी होती तेवढंच आहे. उडण्याची दृश्यं बघून मात्र हसू नका. कॅमेरा आकाशातून पळवलाय, बाकी काही नाही. थेट दुसऱ्या सीझनपासून लावा, पहिला बराच कच्चा आहे.

मिसिसागाकर:
दुसऱ्यापासून नको! पहिले दोन भाग बघाच, जेडच्या प्याल्याचे. लाक्रोआला निकने मारलं होतं हेच माहीत नसेल तर तो रेडिओवर परत येतो त्याची मजा काय? आणि पहिल्या सीझनमध्ये गॅरी फार्मरचा कॅप्टन स्टोनट्री आहे, दगडासारखा शांत माणूस, तो पुढे नाही. ते दोन, मग नॅटलीच्या भावाचा, मग सरळ दुसरा सीझन ओळीने.

नॅटलीपक्ष:
आणि जॅनेटचा भाग झाला की बंद करा. पुढचं बघू नका.

उत्तररात्र:
बघा. आणि बघून झालं की इथे येऊन लिहा, म्हणजे नॅटलीपक्ष आणि मी पुन्हा पहिल्यापासून भांडू.